पाकिटातलं आणि ठरलेलं

व्याख्यान संपतं, आभार होतात, आणि मंडपाच्या मागच्या बाजूला साउंडवाला वायरी गुंडाळायला लागतो. त्याच्याशी कार्यकर्त्याचा हिशोब उघड्यावर चालतो: इतके ठरले होते, इतका इसार दिला, एवढे राहिले. मंडपवाल्याचं तसंच, फ्लेक्सवाल्याचं तसंच, चहावाल्याचंही तसंच. मग तोच कार्यकर्ता वक्त्याला जरा बाजूला घेतो, खिशातून पाकीट काढतो आणि नजर चुकवत म्हणतो, "मॅडम, फूल ना फुलाची पाकळी." ते न बघता पर्समध्ये टाकायचं, ही रीत. उघडून पाहणं असभ्य, आधी विचारणं त्याहून असभ्य.

मी प्रवरेकाठच्या अकोले इथे राहते, शिकवते आणि गेली बरीच वर्षं बोलवतील तिथे बोलायला जाते. सुरुवातीच्या काळात एकदा तालुक्याबाहेरच्या एका गावी गेले होते. चारचा कार्यक्रम पाहुण्यांची वाट पाहत साडेसहाला सुरू झाला. परतीची शेवटची एसटी निघून गेली, गाडी करून घरी यावं लागलं. गाडीवाल्याचे चौदाशे झाले आणि पाकिटात निघाले पाचशे एक. याचं वाईट वाटलं, पण त्या रात्री मला जास्त टोचलं ते वेगळंच. माझी तयारी त्या दिवशी अर्धी होती. दोन जुन्या भाषणांचे तुकडे जोडून मी पाऊण तास काढला होता. माझ्या लक्षात आलं होतं, पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बायांच्याही लक्षात आलं असावं. पण कुणी काही बोललं नाही. पाचशे एक रुपयांत आलेल्या बाईला कोण काय म्हणणार? आयोजकांनी मला न विचारता थांबवून ठेवलं आणि मी त्यांना कमी दिलं. दोघांनाही एकमेकांना जाब विचारायची सोय नव्हती, कारण आमच्यात काही ठरलेलंच नव्हतं.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करते आहे. बोलण्यावर पोट भरावं का? भरायचं तर पैसे कसे घ्यावेत? सरळ आकडा सांगून घ्यावेत, असं माझं उत्तर आहे. या उत्तरावर आमच्याच परंपरेतल्या फार मोठ्या माणसाचा आक्षेप येतो, म्हणून आधी त्या परंपरेकडे वळते.

बोलणं ही आमच्या प्रवरेच्या खोऱ्यातली जुनी गोष्ट आहे. रतनगडाच्या बाजूने उतरून अकोल्याला अगस्ती ऋषींच्या देवळाजवळून जाणारी ही नदी खाली संगमनेरला जाते आणि पुढे नेवाशाला पोचते. तिथे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. लिहिली गेली असं आपण म्हणतो, पण ती आधी बोलली गेली: समोर श्रोते होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, आणि ज्ञानदेव त्या श्रोत्यांची मनधरणी करत, त्यांच्याकडे अवधान मागत पुढे जात होते. मधल्या संगमनेरात अनंत फंदी होऊन गेले, 1744 ते 1819. तमाशाचा फड गाजवणारा हा शाहीर अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून डफ टाकून कीर्तनाकडे वळला, असं सांगतात. म्हणजे सुपारी घेऊन उभं राहणं आणि सेवा म्हणून उभं राहणं या दोन्ही रीती एकाच माणसाने आपल्या आयुष्यात पाहिल्या.

आणि हाच भाग सप्ताहांचा आहे. अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस पारायण, काकडा, हरिपाठ, रात्री कीर्तन, आठव्या दिवशी काला. गावाची वर्गणी निघते. पत्रिकेवर अन्नदात्यांची नावं छापतात, गायनाचार्य आणि मृदंगाचार्यांची छापतात, रोजच्या कीर्तनकारांची छापतात. काल्याला कोण, यावर सप्ताहाची पत ठरते आणि त्यासाठी महाराजांची तारीख वर्ष-वर्ष आधी धरावी लागते. महाराजांना किती द्यायचे हे गावातल्या पाच-सात माणसांना नीट माहीत असतं, पण ते पत्रिकेवर कधी येत नाही आणि माइकवरही सांगत नाहीत.

न सांगण्याचं कारण तुकोबा. जिथे कीर्तन करावं तिथे जेवूही नये, बुक्का लावून घेऊ नये, हार घालून घेऊ नये, बैलाला-घोड्याला दाणावैरणसुद्धा मागू नये, असं त्यांनी बजावून ठेवलं आहे. द्रव्य घेणारा आणि देणारा दोघेही नरकाचे धनी, इथपर्यंत ते जातात. यात पळवाट नाही. मी वारकरी घरातली आहे आणि हे बजावणं मला कधीही सहज बाजूला ठेवता आलेलं नाही.

पण तुकोबांचं घर कसं चालत होतं हेही पाहिलं पाहिजे. त्यांच्याकडे वाण्याचं दुकान होतं, महाजनकी होती, सावकारी होती. दुष्काळात ते मोडलं, आणि पुढे कर्जाची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. म्हणजे कीर्तन एकीकडे आणि पोट दुसरीकडे, ही विभागणी त्यांना मुळात उपलब्ध होती. पोटाची बाजू कोसळली तेव्हा काय झालं, ते त्यांच्या पत्नीने, आवलीने सोसलं. तुकोबांच्या त्या कडक शब्दांमागची भीती मला कळते: ज्याचं खाल्लं त्याच्यापुढे जीभ वळते. ही भीती आजही शंभर टक्के खरी आहे. मजुरी घेण्यात पाप आहे असं त्यांना म्हणायचं असावं, असं मात्र मला वाटत नाही. देणाऱ्याचा हात बोलणाऱ्याच्या तोंडावर येऊ नये, ही त्यांची काळजी होती. मग आज आपण विचारायला हवं की कोणत्या पैशाने जीभ जास्त वळते: ठरवून घेतलेल्या, की न ठरवता मिळालेल्या?

इथे व्याख्यानांच्या सुवर्णकाळाविषयी थोडं बोलायला हवं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिथून गावोगावी व्याख्यानमालांची प्रथा पसरली. माझ्या आईवडिलांच्या पिढीने ऐकलेली नावं आठवा. प्राचार्य शिवाजीराव भोसले, फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे. प्राचार्य राम शेवाळकर, वणीचे. कथाकथनाने महाराष्ट्र पालथा घालणारे तिघे घ्या. द. मा. मिरासदार प्राध्यापक, शंकर पाटील बालभारतीत, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीवर. यांच्यातल्या काहींच्या नावाआधी लागणारं 'प्राचार्य' किंवा 'प्राध्यापक' आपण आदराने उच्चारतो, पण त्यातच सगळं अर्थशास्त्र आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार होता, पुढे निवृत्तिवेतन होतं, सुट्ट्या होत्या, ग्रंथालय होतं. ते थोडक्या मानधनात बोलले हे त्यांचं मोठेपण खरंच. पण त्या बोलण्याचा खर्च कुणीतरी आधीच उचललेला होता. अनुदानित महाविद्यालयाच्या पगाराने मराठी व्याख्यानमाला पोसली, असं म्हटलं तर कुणाचा अपमान होऊ नये.

ती सोय आता संपत आली आहे. आज चाळिशीच्या आतला, वाचणारा, बोलू शकणारा माणूस महाविद्यालयात असतो तो तासिका तत्त्वावर. जितके तास घेतले तितके पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही ते माहीत नाही. व्याख्यानासाठी एक दिवस गेला की त्या दिवसाचे तास बुडाले. त्याला आपण शिवाजीरावांचं उदाहरण देतो आणि म्हणतो, ते कधी पैशाचं बोलायचे का? हे अन्यायाचं आहे. ज्या जमिनीवर ते उभे होते ती आपण काढून घेतली आणि उंची मात्र तेवढीच मागतो आहोत.

मग या धंद्याचा हिशोब मांडून पाहू. 'धंदा' हा शब्द मी मुद्दाम वापरते; शेतीला, शिवणकामाला, वकिलीला आपण वापरतोच. व्याख्यानांना हंगाम असतो. 3 जानेवारीला सावित्रीबाई, 12 जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद, 19 फेब्रुवारीला शिवजयंती, 8 मार्चला महिला दिन, मग एप्रिलमध्ये फुले-आंबेडकर, 31 मेला अहिल्याबाई. आमच्याकडे 9 ऑगस्टला आदिवासी दिन, आणि 8 नोव्हेंबरला देवगावच्या क्रांतिकारक राघोजी भांगऱ्यांची जयंती. एकोणीस फेब्रुवारीला पंचवीस जण बोलावतात, जाता येतं दोन ठिकाणी. जून-जुलैत घरी बसायचं. समजा, एखाद्या चांगल्या वक्त्याला वर्षात चाळीस कार्यक्रम मिळाले आणि प्रत्येकाचे पाच हजार ठरले. दोन लाख झाले. जाण्यायेण्याचे सरासरी हजार धरले तर चाळीस हजार गेले. उरलेल्या एक लाख साठ हजारांचे महिन्याला तेरा हजारांच्या थोडे वर पडतात. यात पुस्तकं नाहीत, आजारपण नाही. आणि चाळीस कार्यक्रम मिळायला आधी पाच-सहा वर्षं पाकिटांवर काढावी लागतात. बोलून बंगले बांधता येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा आकडा एकदा कागदावर लिहून पाहावा.

तयारीचा वेळ तर कुणीच मोजत नाही. एका तासाच्या नव्या विषयाला मला तीन-चार आठवडे लागतात. वारकरी संप्रदायाने हे ओळखलं होतं. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. मुलं चार वर्षं राहतात, माधुकरीवर जगतात, ज्ञानेश्वरी-गाथा पाठ करतात, आणि मग उभी राहतात. कीर्तनकार घडवायला चार वर्षं लागतात हे संप्रदायाला मान्य आहे. व्याख्यात्यासाठी आपल्याकडे काय आहे? शाळा-कॉलेजातली वक्तृत्व स्पर्धा. सरांनी लिहून दिलेली सात मिनिटं पाठ करायची, आवाज चढवायचा, ढाल घ्यायची. तासभर एक विचार धरून ठेवणं, श्रोता गळाला की ओळखणं, अंगावर आलेला प्रश्न पेलणं, यांतलं काही तिथे शिकवत नाहीत.

आता इंदोरीकडे येते. अकोल्यात राहून या विषयावर लिहायचं आणि निवृत्ती महाराज देशमुखांचं नाव टाळायचं, हे प्रामाणिक होणार नाही. इंदोरी हे आमच्या तालुक्यातलं गाव. तिथला बी.एस्सी., बी.एड. झालेला मुलगा कीर्तनाला उभा राहिला आणि इंदुरीकर महाराज म्हणून राज्यभर ओळखला गेला. त्यांच्या कीर्तनाला मैदानं भरतात. शेतकऱ्याच्या घरातलं बोलणं, लग्नातली उधळपट्टी, पोरांचं व्यसन, म्हाताऱ्या आईबापांची आबाळ हे सगळं त्यांनी गावच्याच भाषेत व्यासपीठावर आणलं. पुण्या-मुंबईच्या तोंडवळ्याची मराठी लागत नाही, आपल्या बोलीत उभं राहूनही हजारो लोक खिळवून ठेवता येतात, हा विश्वास आमच्याकडच्या पोरांना त्यांच्यामुळे आला. हे काम लहान नाही.

2023 साली त्यांनी कीर्तनातूनच खंत बोलून दाखवली होती: आम्ही पाच हजार मागितले तर लोक बाजार मांडला म्हणतात, आणि नाचणाऱ्या मुलीला तीन गाण्यांना तीन लाख देताना कुणाला काही वाटत नाही. नाचणाऱ्या कलावंत मुलीशी केलेली तुलना मला पटली नाही. तिची मेहनत तिची आहे आणि तिचे पैसे ती उघडपणे ठरवून घेते, हीच तर चांगली गोष्ट आहे. पण खंतीचा गाभा मला खरा वाटला. शब्दाला किंमत सांगितली की आपण दचकतो.

त्याच महाराजांचं 2020 सालचं सम-विषम तिथीचं विधान आठवतं. मुलगा-मुलगी होण्याविषयीच्या त्या बोलण्यावरून राज्यभर वाद पेटला, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी प्रकरण संगमनेरच्या न्यायालयात गेलं. कायद्याचं कायदा पाहतो. माझ्या मनात आलेला प्रश्न साधा होता: ज्या मंडपात ते वाक्य बोललं गेलं, तिथे हजारो माणसं बसलेली असताना एकानेही हात वर करून "महाराज, हे कशावरून?" असं का विचारलं नाही? कारण तशी रीतच नाही. कीर्तनकार गादीवर उभा असतो, त्याचं बोलणं सेवा असतं आणि सेवेला जाब विचारत नाहीत. विज्ञान शिकलेल्या माणसाला त्याच क्षणी कुणी विचारलं असतं, तर कदाचित गोष्ट तिथेच संपली असती.

माझ्या म्हणण्याचा मुख्य मुद्दा हा आहे. ठरवून घेतलेला पैसा बोलणाऱ्याला उत्तर द्यायला बांधतो. सेवा म्हणून, कृपा म्हणून, फुलाची पाकळी म्हणून हातात पडलेला पैसा तसा बांधत नाही. त्या पैशामागे हिशोब नसतो, म्हणून शब्दामागेही नसतो. मी पाच हजार सांगितले आणि तुम्ही ते दिले, की तुम्हाला मला विचारता येतं: हे वर्ष चुकलं का, हा दाखला कुठला, आमच्या गावाचं तुम्ही काही वाचून आला होतात का? जो पैसे ठरवतो त्याने प्रश्नही घेतले पाहिजेत. शेवटचा अर्धा तास श्रोत्यांचा, ही अट आयोजकांनी घालण्याआधी वक्त्याने स्वतः घालावी.

कीर्तनाच्या परंपरेत हे बसत नाही असं कुणी म्हणेल, तर गाडगेबाबांकडे पाहावं. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्तीच होती. ते समोरच्याला विचारायचे, लोक ओरडून उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. आणि पैशाचंही त्यांचं सगळं उघड होतं. लोकांकडून मिळालेल्या पैशातून पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबईला धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःजवळ गाडगं आणि खराटा. सिंधुताई सपकाळांनीही तेच केलं. भाषण झालं की पदर पसरून मागायच्या, आणि त्यातून अनाथ मुलांच्या ताटात भाकरी पडायची. पु. ल. देशपांड्यांनी एकपात्री प्रयोगांची तिकिटं रीतसर विकली, आणि पुलं-सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीच्या आधारावर 1986 साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. घेणं उघड असेल तर देणंही उघड होतं. पाकिटातून घेतलेलं दान म्हणून दिलं की नाही, हे कोण सांगणार?

जीभ वळण्याचा धोका उरतोच, आणि तो मी हलका करू इच्छित नाही. पण तो येतो एका देणाऱ्याकडून. निवडणुकीच्या वर्षात व्याख्यानं वाढतात, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. वाढदिवस, अमृतमहोत्सव, सोहळा: प्रवेश विनामूल्य. त्या विनामूल्य कार्यक्रमाचा सगळा खर्च एका माणसाने केलेला असतो, मधली खुर्ची त्याची असते, आणि शिवाजी महाराजांवर बोलताना त्याचं नाव चार वेळा यावं अशी अपेक्षा निघण्याआधी फोनवर कानावर घातली जाते. यासाठी मिळणारं पाकीट नेहमीपेक्षा जाड असतं. तुकोबा ज्याला भीत होते ते हेच. उलट सप्ताहाची वर्गणी पाहा. चारशे घरांनी शंभर-दोनशे रुपये दिलेले असतात, त्यामुळे वक्ता कुणा एकाचा होत नाही. व्याख्यानालाही अशी घरटी वर्गणी काढावी, किंवा दहा-वीस रुपयांचं तिकीट लावावं. लोक येणार नाहीत, असं आयोजक म्हणतात. तमाशाच्या तंबूला तिकीट काढून बसणारा हा समाज आहे, व्याख्यानाला का येणार नाही? कमी येतील. जे येतील ते ऐकायला येतील.

डोंगरातल्या वाडीला पाच हजार कुठून परवडणार, हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. आश्रमशाळेत, पाड्यावर मी पैसे घेत नाही. पण मी फुकट येते आहे हे आधी सांगते आणि माझा आकडाही सांगते. फुकट जायचं की नाही, हे ठरवणारी मी असले पाहिजे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण बियाण्यांविषयी त्या बोलायला लागल्या की कृषी पदवीधर वही काढतात. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारखी बाई व्यासपीठावर बसते तेव्हा तिच्या शेतातला एक दिवस पडलेला असतो. तिला शाल पांघरणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवसाची किंमत आधी मोजावी.

बायांच्या बाबतीत पाकिटाची पद्धत दुप्पट महाग पडते. पुरुष वक्ता रात्री कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून निघतो, देवळाच्या ओवरीत पाठ टेकतो. बाईला सोबत लागते, परतीची गाडी लागते, राहायची तर नीट खोली लागते. हे सगळं आकड्यात आधीच धरलं नाही, तर दोन कार्यक्रमांनंतर घरातूनच विचारणा होते, हे कशासाठी करतेस? कितीतरी चांगल्या बोलणाऱ्या मुली याच प्रश्नावर थांबल्या. जिथे पावती होते, बँकेत पैसे येतात, दहा टक्के टीडीएस कापला जातो, तिथे निदान कागदावर दिसतं की ही बाई काम करते. पाकिटाने तेवढंही दिसत नाही. कर्जाला, भाड्याच्या घराला, सासरी, कुठेही दाखवता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात राजूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली मुलगी माझ्याकडे आली. राघोजींवर फार चांगलं बोलते. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी आणि ग्रंथालयातून काढलेल्या नोंदी दोन्ही तिच्याजवळ आहेत. एका महाविद्यालयाने बोलावलं होतं. "ताई, किती सांगू?" मी आकडा सांगितला. ती गप्प झाली. "एवढे मागू?" मी म्हटलं, तीन आठवडे तयारी केलीस ना, मग माग. तिने माझ्यासमोरच फोन लावला. आकडा सांगताना तिचा आवाज बारीक झाला. पलीकडचे सर म्हणाले, "विचारून कळवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पैसे मान्य होते, गाडी मात्र पाठवता येणार नव्हती, एसटीने यावं लागणार होतं. ती म्हणाली, "सर, परतीची एसटी साडेपाचची आहे. मग कार्यक्रम दोनला ठेवा. आणि शेवटचा अर्धा तास मुलांना विचारायला हवा, तो कापू नका."